भिंतीवरचं छऱ्याचं मशीन

आमच्या घरात एक दिवा होता आणि त्याचं बटण शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात होतं. रायगडच्या किनाऱ्यावर, जेट्टीच्या मागे, खाडीला लागून आमची पत्र्याची खोली होती. जागा आमच्या नावावर नव्हती, त्यामुळे मीटर मिळत नव्हतं. शेजारच्या काकूंच्या घरून एक वायर पत्र्यावरून आमच्याकडे यायची आणि तिच्या टोकाला साठ वॅटचा बल्ब लोंबायचा. काकू मनाने वाईट नव्हत्या, पण स्वतःचे दिवे घालवताना सवयीने आमचाही घालवायच्या. मग आई कालथ्याने भिंतीवर ठोकायची. कधी बटण चालू व्हायचं, कधी नाही. नाही झालं की मी वही मिटायचो.

वडील बर्फाच्या कारखान्यात होते. लाद्या आकड्याने ओढत न्यायच्या आणि मासळीच्या ट्रकात चढवायच्या, हे काम. पावसाळ्यात होड्या बंद, होड्या बंद म्हणजे कारखाना बंद, आणि कारखाना बंद म्हणजे वडील उंबऱ्यात बसून जाळी विणून देणार, मिळेल त्या भावात. आई कोळंबी सोलायला जायची. कोळंबीच्या काट्यांनी तिची बोटं इतकी चिरलेली असायची की तिला मिठात हात घालता यायचा नाही. कालवणात मीठ मी टाकायचो. आमच्या घरच्या कालवणाची चव बरीच वर्षं माझ्या हातात होती असं म्हणायला हरकत नाही.

मी इलेक्ट्रिकल का घेतलं असं लोक विचारतात. मी सांगतो, बटण आपल्या भिंतीवर असावं म्हणून. ते हसतात. मी विनोद केलेला नसतो.

आधी डिप्लोमा केला, मग थेट दुसऱ्या वर्षाला सरकारी कॉलेजात प्रवेश घेतला, आणि फर्स्ट क्लासने डिग्री काढली. आमच्या घराण्यात त्याआधी सातवीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. वडिलांनी पदवीचा कागद कारखान्यात नेऊन सगळ्यांना दाखवला. परत आला तेव्हा त्याच्या कोपऱ्याला सुरमईचा वास येत होता. अजून येतो. मला तो घालवायचा नाही.

पण डिग्री मिळाली म्हणून कुणी खुर्ची देत नाही. दीड-दोन वर्षं इकडेतिकडे केल्यावर मुंबईच्या एका एजंटाकडून ओमानचं काम आलं. मस्कतमध्ये बंदराच्या बाजूला एक जुनं हॉटेल होतं, त्यांना मेंटेनन्सला माणूस हवा होता. तिथल्या व्हिसावर हुद्दा लिहिलेला असतो, माझ्यावर इलेक्ट्रिशियन. मी घेतला. एजंट म्हणाला, आत शिरा, मग वर चढा. वाडीत बातमी पसरली तेव्हा काकूंच्या थोरल्या जावेने आईला विचारलं, "एवढी वर्षं शिकला तो वायरमन व्हायला?" आई कोळंबीची पाटी उचलून घरी आली. पण तेव्हापासून दर शुक्रवारच्या फोनवर, जेवलास का याच्याही आधी, तिचा एक प्रश्न ठरलेला असायचा. "व्हिसा बदलला का रे?"

हॉटेलात असिस्टंट इंजिनियरची एक जागा रिकामी होती. ती मला हवी होती. दुसरं काही नको होतं.

दोन हजार बारा सालची ही गोष्ट. आमच्या वर्कशॉपचे फोरमन रत्नागिरीच्या बाजूचे, खाडीपलीकडच्या एका गावचे, मुसलमान. केस पांढरे, ओमानात उभी हयात गेलेली. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. चाचांची जीभ म्हणजे कानसच. सकाळी हजेरीला मी दिसलो की ते विचारायचे, "काय इंजिनियर, आज कुठला बल्ब बीई झाला?" आणि बाकीचे हसायचे. मीही हसायचो. पण "इंजिनियर" म्हणणारा त्या हॉटेलात तो एकच माणूस होता, टोमण्याने का होईना. त्याचं मला बरंच वाटायचं.

पहिल्याच महिन्यात तळमजल्यावरच्या बारमधला एक दिवा लुकलुकतोय अशी तक्रार आली. बार म्हणजे अंधारी खोली, सागवानी फळ्यांच्या भिंती, तंबाखू आणि लिंबाचा वास. मी त्याआधी कुठल्याच बारमध्ये पाऊल टाकलं नव्हतं, त्यामुळे टूलबॉक्स छातीशी धरून आत गेलो. चाचांनी दारातूनच सांगितलं, "तू आत जा. माझा त्या खोलीत फक्त बर्फाच्या मशीनशी बोलण्याचा संबंध आहे."

शिडीवर चढलो आणि ते दिसलं.

डार्टच्या पाटीच्या शेजारी, भिंतीवर, लाकडाची एक पेटी टांगलेली होती. आमच्या घरच्या मांडणीएवढी उंच, समोर काच. काचेमागे रंगवलेला समुद्रकिनारा: पट्ट्यापट्ट्यांच्या छत्र्या, फुगलेल्या परकरातल्या बायका आणि वरच्या कोपऱ्यात लालपांढरं दीपगृह. किनाऱ्यावर सगळीकडे पितळी खिळे ठोकलेले. खाली उजवीकडे एक खटका. मला कळेना हे काय आहे, देव्हारा की घड्याळ.

बारमन गोव्याचा होता. पोट सुटलेला, आवाजाने मऊ, आणि जो समोर येईल तो त्याच्यासाठी मालकच. म्हणाला, "खेळ आहे, पात्रांव. नाणं घालायचं, खटका ओढून सोडायचा, छर्रा गरगर फिरून वर जातो आणि खिळ्यांतून ठेचकाळत खाली येतो. ज्या भोकात पडेल तेवढे मार्क. दीपगृहात गेला तर घंटा, आणि दिवा लागतो."

"बघू, चालवून दाखवा."

"आता कुठला चालतो. मी यायच्या आधीपासून मेलाय तो."

हे मशीन एका इंग्रज म्हाताऱ्याचं होतं. जमीनमोजणीच्या कामासाठी तो तरुणपणी ओमानात आला आणि इथेच राहिला. त्याच्या गावाकडच्या कुठल्याशा बंद पडलेल्या बारमधून त्याने ते उचलून जहाजाने आणवलं आणि या बारला देऊन टाकलं. रोज संध्याकाळी तो त्याच्याखालच्या खुर्चीवर बसायचा. बंद मशीनखाली, अगदी तब्येतीत. त्याची जुनी मोठी तांब्याची नाणी बारमनने बिअरच्या एका मगात ठेवली होती. खेळणाऱ्याने मगातून नाणं घ्यायचं, खेळायचं, आणि खालच्या खणातून परत आलेलं नाणं मगात टाकायचं, अशी पद्धत होती म्हणे. जिंकलं तर पैसे नाहीत. दीपगृह लागलं तर तेव्हाचा बारमन मसाला शेंगदाण्यांची बशी द्यायचा, बास.

मी पेटीच्या बाजूला कान लावला. का लावला सांगता येणार नाही. आत अर्थातच काही नव्हतं.

रमजान त्या वर्षी भर उन्हाळ्यात आला. रमजानात बार महिनाभर बंद. मॅनेजरने ठरवलं की याच महिन्यात बार नवा करायचा. मॅनेजर ओमानी, इब्रा गावचे. लहानपणी वडिलांच्या दुकानात आपल्याकडच्या माणसांबरोबर वाढल्यामुळे हिंदी फाडफाड बोलायचे, आणि अंगावरची पांढरी पायघोळ दिशदाशा कधी चुरगळलेली मी पाहिली नाही. चाचा त्यांना समोर "सर" आणि मागे "अर्बाब", म्हणजे मालक, म्हणायचे. मॅनेजर बारमध्ये उभे राहून बोटाने दाखवत गेले: हा गालिचा जाणार, डार्टची पाटी जाणार, इथे मोठा टीव्ही. मग ते पेटीपाशी आले.

"ये भी खलास. कचरे में."

मी सॉकेट खोलत होतो. पेचकस खाली ठेवला. आजही माझं मला आश्चर्य वाटतं, पण मी म्हणालो, "सर, ये चल सकता है."

"कौन चलाएगा?"

"मैं. मैं इंजीनियर हूँ."

चाचांना खोकला आला. मॅनेजरनी पेटीवर रोखलेलं बोट खाली घेतलं. मग त्यांनी सांगितलं ते असं: म्हातारा दसऱ्याच्या सुमारास ओमान सोडून कायमचा मायदेशी चाललाय. त्याचा निरोपसमारंभ याच बारमध्ये करायचा. ईदला बार उघडेल तेव्हा मशीन चालू पाहिजे आणि त्याच्या निरोपापर्यंत एकदाही बंद पडता कामा नये. जमलं, तर असिस्टंट इंजिनियरच्या जागेसाठी ते माझं नाव पाठवतील. नाही जमलं तर बाहेरून माणूस येईल, त्याचा अर्ज टेबलावर आहेच.

"एक बार भी बंद नहीं," ते जाताना पुन्हा म्हणाले.

ते गेल्यावर चाचा म्हणाले, "बाळा, बल्ब बदलत होतास ते काय वाईट होतं?"

पेटी आम्ही दोघांनी उतरवून वर्कशॉपमध्ये आणली. मागची फळी काढली तेव्हा पहिल्यांदा पालीची वाळलेली अंडी पडली, मग एक मेलेलं झुरळ, मग धूळ. आणि धुळीमागे जे होतं ते बघून मला खुदकन हसू आलं. कारण मी ते ओळखत होतो. रिले होते, म्हणजे विजेवर आपोआप उघडमीट होणारी बटणं. रांगेने बसवलेले रिले, कॉइल, कॉन्टॅक्टच्या पट्ट्या, मार्क मोजणारं दातेरी चाक, कोपऱ्यात ट्रान्सफॉर्मर. एकही चिप नाही, एकही कार्ड नाही. प्रत्येक विचार डोळ्यांना दिसेल असा तांब्यात आणि पितळेत मांडलेला. छर्रा भोकात पडला की एक पट्टी दुसरीला टेकते, मग कॉइल ओढते, मग चाक एक दात पुढे सरकतं, मग दिवा. कॉलेजच्या लॅबमध्ये आम्हाला एका रिलेवर तासन्‌तास ताटकळत ठेवणारे एक सर होते, मी त्यांच्या नावाने कित्येकदा बोटं मोडली होती. त्या दिवशी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडलो.

मी सरळ बोलणारा माणूस आहे, म्हणून सरळच लिहितो. हे काम मला डिग्रीमुळे जमलं. नकाशा नव्हता, पुस्तिका नव्हती. वायरींवर सुताचं आवरण होतं आणि त्यांचे रंग उडून सगळ्या चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या. मी मीटर लावून एकेका वायरीचा माग काढत गेलो आणि बिअरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर सगळं सर्किट काढलं. शिकलो नसतो तर मी तिथे नुसताच पुसत बसलो असतो. लोक उगीच म्हणतात, पुस्तकात काय असतं. पुस्तकात बरंच असतं.

रमजानात दुपारी काम कमी असायचं. चाचा रोजा धरलेले, वर्कशॉपच्या एसीखाली तक्क्याला टेकून माझ्याकडे बघत बसायचे. मीही त्यांच्यासमोर पाणी प्यायचो नाही.

एकदा म्हणाले, "रोजा माझा आणि तोंड तुझं सुकलंय. जा, मागे जाऊन पाणी पी."

"नको चाचा, एवढी कॉइल काढतो."

"हे जुगाराचं तर नाही ना रे? महिना पाक आहे."

"पैसे मिळत नाहीत चाचा. घंटा वाजते फक्त."

"फक्त घंटा?" त्यांनी विचार केला. "आणि गोरे लोक यासाठी जहाज भाडं देतात?"

"शेंगदाणे पण मिळतात."

"मग बरोबर आहे."

एक कॉइल जळलेली होती. ती उकलून तार मोजली आणि वादी कबीरच्या एका मोटर वाइंडिंगवाल्याकडे त्याच जाडीची तार घ्यायला गेलो. त्याला वाटलं पंख्याची आहे. मी सांगितलं खेळण्याची. त्याने दुकान सोडून माझ्या मागे येण्याची तयारी दाखवली. कॉइल मी स्वतः गुंडाळली. समुद्राच्या हवेने कॉन्टॅक्ट हिरवे पडले होते, ते बारीक पॉलिश पेपरने चमकवले. दातेरी चाकावरचं जुनं ग्रीस लाखेसारखं घट्ट झालं होतं, ते रॉकेलने सोडवलं. दीपगृहाचा छोटा बल्ब कुठे मिळेना. शेवटी शिवणयंत्राचा बल्ब बसला, थोडा जास्तच उजेड देणारा.

ईदच्या आधी दोनेक दिवस पेटी भिंतीवर परत टांगली. बारमन, चाचा आणि मी. चाचा दारातच उभे, एक पाय आत, एक बाहेर. मी मगातलं एक नाणं घातलं. आत काहीतरी दमदार "खटाक्" झालं, आकड्यांची चाकं भिरभिरत शून्यावर आली आणि सगळ्या छत्र्या उजळल्या. खटका ओढून सोडला. छर्रा सर्रकन कडेने वर गेला, माथ्यावर क्षणभर घोटाळला आणि टिकटिकटिक करत खिळ्यांवरून उड्या मारत उतरला. पडला कुठे, तर सगळ्यात खालच्या, सगळ्यात कमी मार्कांच्या भोकात.

"नापास," चाचा म्हणाले. मग चपला काढून आत आले. "सरक. मला दे."

चपला का काढल्या ते त्यांनाच माहीत. पण ते इफ्तारची वेळ होईपर्यंत खेळले.

ईदला बार उघडला आणि म्हातारा संध्याकाळी नेहमीच्या वेळी आला. बारमनने त्याला काही सांगितलं नव्हतं. तो त्याच्या खुर्चीत बसला आणि डोक्यावर दिवे लागलेले बघून पुन्हा उभा राहिला. मी पडद्याआडून बघत होतो. त्याने मगातलं नाणं घेतलं, तळहातावर दोनदा उलटंपालटं केलं आणि मशीनमध्ये घातलं. त्याच्या हाताला अजून सवय होती. खटका तो पूर्ण ओढायचा नाही, अर्ध्याच्या जरा पुढे नेऊन झटक्यात सोडायचा. तिसऱ्या छऱ्याला दीपगृह लागलं आणि घंटा वाजली. त्या म्हाताऱ्याने शेंगदाण्यांची बशी दोन्ही हातांत धरून सगळ्या टेबलांवर फिरवली. लग्नात पेढे वाटतात तशी.

नंतरचे दोन महिने मजेचे गेले. नवा मोठा टीव्ही भिंतीवर मॅच दाखवत राहायचा आणि लोक त्याच्याकडे पाठ करून छर्रा बघत उभे असायचे. दुक्मच्या बंदराच्या कामावरून सुट्टीला आलेले फिटर, बँकेतली पुण्याची मंडळी, जहाजावरचे फिलिपिनो. पुण्याच्या एका गृहस्थाने मला छऱ्याच्या कोनाचं गणित समजावून सांगितलं आणि तो स्वतः कायम नापासाच्या भोकात जायचा. मी रोज दुपारी बार उघडण्याआधी मशीन तपासायचो. एकदाही बंद पडलं नाही. शुक्रवारी आई विचारायची आणि मी सांगायचो, "दसऱ्यापर्यंत थांब."

"दसऱ्याला काय आहे?"

"दसरा आहे, आई."

म्हाताऱ्याचा निरोपसमारंभ नेमका दसऱ्याच्याच संध्याकाळी ठरला.

दसऱ्याला बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरची पूजा व्हायची. वडील पहाटेच हार घेऊन जायचे. त्या दिवशी लादी निघायची नाही, हत्यारांना सुट्टी. मी मस्कतला वर्कशॉपमध्ये तेच केलं. रुवीच्या भारतीय दुकानातून झेंडू आणला, ड्रिलमशीनला, मीटरला, पक्कडीला हळदकुंकू लावलं. चाचांनी बाजूला उभं राहून त्यांचा लाडका पाइपपाना पुढे केला. म्हणाले, "याला पण लाव. हा माझ्यापेक्षा जास्त नमाजी आहे, दिवसभर वाकलेला असतो."

आणि मग मला वाटलं, ज्या मशीनवर माझं सगळं अडकलंय त्याची पूजा नको? सकाळी बार रिकामा होता. मी पेटीला एक छोटा हार घातला. हळदकुंकू कुठे लावायचं? आमच्याकडे जात्याच्या तोंडाला लावतात, जिथून दाणे आत जातात तिथे. मशीनचं तोंड कुठलं, तर नाणं घालायची फट. तिथे मी बोट बुडवून चांगलं ठसठशीत ओलं कुंकू लावलं. हात जोडले. निघालो. संध्याकाळी खेळ असल्याने हार मात्र दुपारी काढून ठेवला; सणाची सुट्टी म्हणून रोजच्यासारखं नाणं घालून तपासलं नाही. म्हटलं, पाव्हण्यांसाठी तेवढी सूट देव देईल.

संध्याकाळी बार भरला. मॅनेजर स्वतः आले होते, हातात लेमन-मिंटचा ग्लास. म्हाताऱ्याने पहिलं नाणं घातलं आणि एका नाण्याचे पाच छर्रे खेळून झाले. नियमाप्रमाणे दिवे विझायला हवे होते. त्याऐवजी आत "खटाक्" झालं, आकडे शून्यावर आले, छत्र्या उजळल्या आणि नवा छर्रा वर आला. नाणं न घालता.

म्हातारा खेळला. पुन्हा खटाक्. त्याने शेजारच्याला जागा दिली. तो खेळला. पुन्हा खटाक्.

काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं. नाणं ज्या आतल्या बारीक तारेच्या खटक्याला दाबून जातं, त्यावर कुंकवाचा ओघळ उतरला होता आणि एसीच्या हवेत वाळून दगड झाला होता. म्हाताऱ्याच्या नाण्याने दाबला गेलेला तो खटका वर आलाच नव्हता. मशीनला वाटत होतं, कुणीतरी नाणं घालतंय, घालतंय, घालतंच आहे.

बारमन माझ्या कानाशी आला. "पात्रांव, वायर काढू?"

"नको. वायर काढली की बंद पडलं म्हणतील."

"मग काय करू?"

"शेंगदाणे आणा."

एव्हाना रांग लागली होती. फिटर, बँकवाले, म्हाताऱ्याचे जुने दोस्त, कोणी कुणाला ढकलत नव्हतं आणि कोणी रांग सोडतही नव्हतं. दीपगृह लागलं की सगळे एका सुरात ओरडायचे. पुण्याच्या गृहस्थाचा छर्रा जन्मात पहिल्यांदा दीपगृहात गेला आणि त्याने अनोळखी माणसाला मिठी मारली. बारमनचे शेंगदाणे संपले, त्याने पापड तळायला सांगितले. म्हातारा खुर्चीत बसून इतका हसत होता की त्याने चष्मा काढून खिशात ठेवला.

मॅनेजरनी मला बोटाने बोलावलं. दारात चाचा उभे होते, तेही दोन पावलं पुढे आले.

"ये क्या हुआ है?"

खोटं सांगता आलं असतं. स्प्रिंग थकली म्हणालो असतो, कोणाला कळणार होतं? पण कामाची लाज मला कधी वाटली नाही, चुकीची का वाटावी. मी सगळं सांगितलं. आज आमच्याकडे हत्यारांची पूजा असते, मी मशीनच्या तोंडाला कुंकू लावलं, ते ओलं होतं, आत उतरलं, आतला खटका चिकटला. उद्या सकाळी खोलून साफ करतो.

मॅनेजरनी ऐकून घेतलं. म्हणाले, "पूजा में मशीन को आराम देते हैं, ना? इब्रा में हमारे दुकान में एक मिस्त्री था, वो भी करता था. तराजू को फूल."

"हाँ सर. आज इसकी छुट्टी है."

"छुट्टी में ओव्हरटाइम कर रही है," चाचा मध्येच बोलले.

मॅनेजर हसले नाहीत. पण ग्लास ठेवून ते रांगेकडे गेले, आणि रांगेतल्यांनी त्यांना पुढे केलं. त्यांनी दिशदाशाची बाही वर सारली आणि खटका ओढला. पाचवा छर्रा वर गेला, माथ्यावर घोटाळला, खिळ्यांवरून नाचत आला आणि मधल्याच एका भोकात पडला. तेवढ्यात पुन्हा खटाक्. नवा छर्रा. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ये तो ईदी बाँट रही है."

मग हसले. ते हसले, म्हणून मी विचारून टाकलं.

"सर, शर्त थी कि बंद नहीं पड़नी चाहिए."

"हाँ."

"बंद तो नहीं पड़ी."

त्यांनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी, ज्यांनी सहा महिने मला बल्बांवरून छळलं होतं, दोन्ही हात पोटावर बांधले आणि म्हणाले, "सर, बाहेरून येणारा मशीन चालवील. हा तर थांबूच देत नाही. आणि बिअरच्या खोक्यावर त्याने जो नकाशा काढलाय तो मी माझ्या कपाटात ठेवलाय, फेकायला जीव होत नाही." हे ते शुद्ध कोकणीत म्हणाले. मॅनेजरना त्यातलं कितपत समजलं कोण जाणे. पण त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "कल सुबह ऑफिस आओ. डिग्री का कागज़ लेकर. इन्शाल्ला, हो जाएगा."

समारंभ संपताना म्हाताऱ्याने मगातलं एक नाणं उचललं, मला दाखवलं आणि विचारलं, नेऊ का? मी म्हटलं, तुमचीच आहेत सर. त्याने एकच घेतलं. बाकीची मगात राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी मशीन खोललं. स्पिरिट लावून आतला खटका साफ केला, कापूस लालभडक झाला. चाचा म्हणाले, पुढच्या वर्षी कोरडं कुंकू वापर, नाहीतर फोटोला लाव. मग हात धुऊन, पदवीचा तो वासाचा कागद घेऊन मी ऑफिसात गेलो. मॅनेजरनी तो नाकापाशी नेला, भुवई उंचावली, पण विचारलं काही नाही. त्यांनी लगेच हेड ऑफिसला पत्र पाठवलं. बाहेरच्या माणसाचा अर्ज टेबलावरून कपाटात गेला.

कागद फिरायला वेळ लागला. मंत्रालय, मेडिकल, पुन्हा मंत्रालय. मधल्या काळात मी बारचं नवीन वायरिंग केलं, आणि त्या मशीनला वेगळं सर्किट दिलं, त्याच्या मानाला शोभेल असं.

जानेवारीत माझा नवा व्हिसा आला. त्यावर हुद्दा लिहिला होता: इलेक्ट्रिकल इंजिनियर. आमच्या घराण्यात हा शब्द पहिल्यांदा सरकारी कागदावर आला, आणि तो माझ्या नावापुढे आला.